बाबांच्या नावावर

वरंगळ,
१९ एप्रिल २०१०

प्रिय मोना,

सप्रेम जयभीम. दुपारची वेळ आहे. तुझे बाबा मिलमध्ये गेलेत, रोशन मित्राकडे. त्याच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी सापडली, ती फाडून घेतली आहेत. मी पत्रात पुस्तकी लिहिते म्हणून तू नेहमी हसतेस. काय करू, तोंडात आपली वऱ्हाडी असली तरी कागद समोर आला की सातवीच्या बाई छडी घेऊन मागे उभ्या राहिल्यासारखं वाटतं. आणि आज तर तसं वाटलेलंच बरं, कारण आज जे लिहायचं आहे त्याची मार खाण्याचीच लायकी आहे.

आधीच सांगून टाकते, हे पत्र तुझ्या बाबांबद्दल आहे. नाव वाचलं म्हणून घडी करून ठेवून देऊ नकोस. सहा वर्षं झाली, तू त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाहीस. मी बोलायला लागले की तू म्हणतेस, आई, दुसरं काही बोल. मीही लगेच दुसरं बोलते. तुझ्या हॉस्पिटलमधल्या ड्युटीचं विचारते, मामीच्या गुडघ्यांचं विचारते. तू समजतेस की आई समजूतदार आहे, दोघांच्या मध्ये बिचारी पिळून निघते. मोना, तुझी आई समजूतदार नाही. ती भित्री आहे. पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग राग कुणावर करायचा ते ठरव.

तुला सातवीतली सहल आठवते का? सहस्रकुंडचा धबधबा पाहायला सगळा वर्ग गेला होता आणि तू गेली नव्हतीस. तू दोन दिवस जेवली नाहीस. मी म्हटलं होतं, बाबा नाही म्हणाले. त्यांना मी विचारलंच नव्हतं. पाण्याच्या जागी पोरगी पाठवायला माझाच जीव घाबरत होता. त्या जत्रेतल्या उंच टाचेच्या चपला, शेजारच्या साळुंकेंकडे टीव्ही पाहायला जाणं, मैत्रिणीच्या ताईच्या लग्नाला राहायला जाणं, या सगळ्याला बाबा नाही म्हणाले होते. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते जिनिंगच्या कारखान्यातून यायचे, अंगावरचा कापूस झटकायचे आणि विचारायचे, पोरगी आज काहून फुगली? मी म्हणायची, पोरींचं असंच असतं. जो माणूस दारातल्या कुत्र्याला हाड म्हणत नाही, त्याला मी तुमच्यासमोर वाघ करून ठेवलं होतं. हे मी एकटीच करत होते असंही नाही. घरोघरी मातीच्या चुली. माझ्या आईनेही मला असंच वाढवलं. नाही म्हणायचं तर बापाच्या नावावर म्हणायचं, म्हणजे पोरं आईजवळ रडायला येतात. सोनाराने कान टोचलेले बरे, असं वर म्हणायचं. पण टोचत मीच होते, नाव सोनाराचं होतं.

आता वरंगळचं सांगते. तू फक्त एवढं जाणतेस की आम्ही गेलो. कसे गेलो, हेच गाव का, हे तुला कुणी सांगितलं नाही.

आपल्या पांढरकवड्याच्या जिनिंगला सलग दोन वर्षं कापूस पुरला नाही. पूर्वी दिवाळीपासून होळीपर्यंत फाटकाबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची, मी आणि बाकीच्या बाया आवारात ढिगाजवळ बसून कवडी वेचायचो. तो डागाळलेला कापूस वेगळा काढता काढता बोटं काळी पडायची. त्या वर्षी संक्रांतीलाच ढीग संपला. शेटजींनी सांगितलं की मशीनं विकली, वरंगळच्या व्यापाऱ्याने घेतली. बाराच्या बारा. ती उतरवायचं काम तुझ्या बाबांनाच दिलं, कारण फिटर तेच. प्रत्येक तुकड्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाने आकडे टाकले, कोणता रोलर कोणत्या मशीनचा, कोणती सुरी कुठली. तुला आधी वाटलं होतं ते नवीन मशीन जोडताहेत. तू विचारलंस तेव्हा ते हसले आणि म्हणाले, पोरगी सासरी चालली, सामान मोजून देऊन राह्यलो. मग ती जोडायला ते तिकडे तीन आठवडे गेले. परत आले तेव्हा गालफडं आत गेली होती आणि खोकला लागला होता. भाताशिवाय काही मिळत नव्हतं आणि या माणसाला साधा चहासुद्धा करता येत नाही. त्यांना एकट्याला तिकडे पाठवायचं नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं. तू मला विचारशील, तू माझ्याजवळ राहून बाबांना एकटं का नाही पाठवलंस. त्याचं उत्तर हे.

काम आता नदीपलीकडे, तेलुगू मुलखातच होतं, हे पक्कं झालं. पण गाव कोणतं, हे ठरवायला आम्ही दोघं फेब्रुवारीत तीन ठिकाणी फिरून आलो. तुला सांगितलं होतं की मुकुटबनला चुलतसासूला पाहायला जातो. पहिलं आदिलाबाद. ते गाव पाहून तुझे बाबा लहान मुलासारखे खूश झाले. बाजारात मराठी, चहावाला मराठी, शाळासुद्धा मराठी. हे तं आपलंच गाव आहे व नलू, म्हणाले, शनिवारी बसलो की दोन घंट्यात पांढरकवडा. पण तिथे काम चारच महिन्यांचं, हंगाम संपला की घरी बसा. करीमनगरला एक खोली फार आवडली, समोर नळ, वर पंखा. घरवाल्या बाईने पाणी दिलं, चहा ठेवला, मग मोडक्या हिंदीत तुम्ही कोण लोक म्हणून विचारलं. बाबांनी सांगितलं. चहा होईपर्यंत खोली तिच्या भावाला द्यायची असल्याचं तिला आठवलं. आम्ही चहा न घेता उठलो. बसस्टँडवर बाबा म्हणाले, चहा तरी पिऊन याचा होता, साखर टाकतानी पाह्यली मी. आम्ही दोघं हसलो, पण ते हसणं खरं नव्हतं. तिसरं वरंगळ. तिथे जिनिंगला जोडूनच सरकीच्या तेलाची मिल, म्हणजे बारा महिने काम. आवारातच एक खोली. शिवाय ती बारा मशीनं ओळखीची. भाषेचं मात्र एक अक्षर कळत नव्हतं आणि अंतर एवढं की शनिवारी बसून रविवारी परत येणं शक्य नाही. बाबा म्हणाले, आदिलाबादच बरं. मी म्हटलं, वरंगळ. गाव मी निवडलं, मोना.

आणि तुला मागे ठेवायचंही मीच ठरवलं.

तुझ्या शाळेतले श्रीकृष्णबाबू, ते ऑफिसातले, आठवतात ना? चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे. त्यांच्याकडे मी दाखल्यांचं विचारायला गेले होते. तुझा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळं बांधून न्यायचं म्हणून. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, नलूबाई, पोरगी हुशार आहे म्हणून सांगतो. हा जातीचा दाखला महाराष्ट्राचा. नदी ओलांडली की तिकडे हा कागद चालत नाही, तिकडे ती ओपनमध्ये. वरून तेलुगूत शिक्षण. इथे दहावी-बारावी केली तर नर्सिंगची सीट तिच्या हातात आहे. मी घरी येताना रस्त्यातल्या कडुलिंबाखाली कितीतरी वेळ बसले. तुझे आजोबा उकंडाजी. नावच बघ कसं ठेवलं होतं लोकांनी, उकिरड्यावरून. नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि त्या दिवसापासून या घरात एकच हट्ट धरला, पोरं शिकली पाहिजेत. तुझ्या बाबांना त्यांनी उपाशी राहून आयटीआयला घातलं. आणि मी त्यांची सून तुला अशा गावात नेऊन बसवू जिथे तो कागद रद्दी होतो? रोशन आठ वर्षांचा होता, त्याचं पुढे पाहता आलं असतं. तुझी मात्र दहावी समोर होती. म्हणून तुझी सोय वणीला मामाकडे करायची ठरवली, मामा कोळशाच्या खाणीत, राहायला क्वार्टर, कॉलेज पायी जाण्यासारखं. तू नंतर म्हणालीस ना, पोरगा नेला आणि पोरगी टाकली. ते वाक्य मी सहा वर्षं रोज ऐकते. पण खरं सांगू, दोघांपैकी जिच्यावर माझा भरवसा होता तिला मी ठेवलं. ज्याच्यावर नव्हता त्याला बरोबर घेतलं.

हे सगळं मी तुला समोर बसवून सांगायला हवं होतं. तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस, तुला कळलं असतं. पण जानेवारीत मशीनं विकल्याची गोष्ट कानावर येताच तू भांडी आपटत म्हणाली होतीस, मले सोडून गेले तं मी पेपर देणार नाही, पाहून घ्या. तू बोललीस म्हणजे करणारच, हा स्वभाव माझाच आहे, म्हणून मी घाबरले. तुला सांगितलं, कुणी कुठे जात नाही, अभ्यास कर. आणि बाबांना सांगितलं, मोनाशी मी बोलले, ती तयार आहे, वणीला राहते म्हणते, फक्त परीक्षा होईपर्यंत तिच्यासमोर हा विषय काढू नका. दोघंही माझ्या शब्दावर विश्वासून बसलात. तुम्ही एका ताटात जेवत होतात आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळी घरं होती. महिनाभर मी हे सांभाळलं. मला तर माझ्या हुशारीचं कौतुकच वाटत होतं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी सकाळी मी तुझी वेणी घातली. एक वेणी सोडून पुन्हा घातली. तू म्हणालीस, सोड ना व आई, उशीर होऊन राह्यला. तू गेलीस आणि साडेअकराला टेम्पो दारात आला. सामान असं किती होतं, तासाभरात चढलं. बाबा म्हणाले, मोनाला भेटून जाऊ, पेपर सुटेपर्यंत थांबू. मी म्हटलं, तिनेच सांगितलं आहे थांबू नका म्हणून. तुम्हाला पाहिलं की रडू येईल म्हणते, मामा येणार आहे तिला न्यायला. हे ऐकून ते टेम्पोत बसले. पण तुझ्या सेंटरजवळून जाताना त्यांनी ड्रायव्हरला थांबवलं आणि उतरले. भिंतीशी जाऊन टाचा उंच करून ते खिडक्यांकडे पाहत होते, कोणत्या वर्गात बसली असशील म्हणून. बंदोबस्ताच्या हवालदाराला वाटलं, हा पोरांना कॉपी पुरवणारा. तो काठी घेऊन मागे धावला. तुझे बाबा, बेचाळीस वर्षांचा माणूस, चपला हातात घेऊन रस्त्याने पळत आले. टेम्पोवाला हसला, रोशन हसला, तेही हसले. तू एकदा मला फोनवर सांगितलं होतंस की शेवटच्या पेपरला बाहेर गलका झाला, कुणाचा तरी बाप कॉपी द्यायला आला होता आणि सगळा वर्ग हसला. मी तेव्हा हूं म्हणून ऐकलं. मोना, तो माणूस तुझे बाबा होते. त्यांच्या हातात काहीसुद्धा नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे. तू पेपर देऊन बाहेर आलीस तेव्हा मामा तुझी पिशवी घेऊन फाटकाजवळ उभा होता. त्याला काय सांगायचं ते मीच पढवलं होतं. रडली, भांडली तर म्हण, तुझ्या बापाने ठरवलं, त्याच्यापुढे कोणाचं चालते. मामाने तेच म्हटलं, अक्षर न बदलता. मला काय माहीत नव्हतं का काय बोलते आहे? होतं माहीत. सहलीसारखंच, चपलांसारखंच. मला वाटलं तू दोन दिवस जेवणार नाहीस, मग आईजवळ रडशील आणि सगळं पूर्वीसारखं होईल.

तू रडलीस, माझ्याजवळच रडलीस. एसटीडीवरून मी फोन केला की माझ्याशी बोलायचीस आणि त्यांनी हातात घेतला की ठेवून द्यायचीस. त्यांना वाटायचं लेक भेट न झाल्याने रुसली आहे. इथे आम्ही तेव्हा मुक्यांसारखे जगत होतो. दुकानात ज्वारी मागायची तर मूठ उघडून दाणे दाखवायचे. रोशन तीन महिन्यांत तेलुगू बोलायला लागला आणि आमचा दुभाषा झाला, वाटेल ते सांगून आमच्याकडून मिठाई उकळायचा. बाबांना भाकरीशिवाय समाधान नाही. भातानं पोट भरते, जीव नाही भरत, म्हणायचे. आणि रोज एकदा तरी म्हणायचे, मोना आता कॉलेजातून आली असन.

ऑक्टोबरमध्ये रजा मिळाली तेव्हा आम्ही वणीला आलो. तुला आठवतंच. तू आतल्या खोलीची कडी लावून घेतलीस. मामीने, साधनाने, दार वाजवून वाजवून हात दुखवून घेतला. बाबा दाराशी उभे होते. तू आतून म्हणालीस, तुमी मले पेपरले बसवून पळून गेलते, पोरगा नेला, पोरगी टाकली, आता कायले आले? मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते, हातात पिठाची परात होती. मला ऐकू येत होतं. मला बाहेर येऊन फक्त एवढं म्हणायचं होतं की अगं, ते नाही, मी. चार पावलांचं अंतर होतं. मी कणीक मळत राहिले.

परतीच्या गाडीत बल्लारशापासून ते खिडकीबाहेर पाहत होते. कागजनगर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, तू तिले काय सांगतलं होतं? आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं, वेणीपासून मामापर्यंत. मला वाटलं आज हा माणूस माझ्यावर हात उचलेल, आणि उचलला असता तर मला बरंच वाटलं असतं. त्यांनी खिडकी खाली ओढून घेतली. मग म्हणाले, राहू दे. आता खरं सांगशीन तं तुह्यावरही राग धरन. दोघांवर कायले? तिले आई तं पाह्यजे ना तिकडे. मी रडायला लागले तर मलाच म्हणाले, रडू नको, लोक पाहून राह्यले. आणि मोना, मी ते मान्य केलं. त्यांनी दिलं आणि मी घेतलं. त्या दिवसापासून तुझी आई त्यांच्या जिवावर तुझी आई आहे.

तुझ्या बारावीचा निकाल, नर्सिंगची सीट, यवतमाळचं हॉस्टेल, पहिली नोकरी, प्रत्येक बातमी तू मला दिलीस. मी त्यांना सांगायची असं तुला वाटत असेल. मला सांगावं लागत नव्हतं. मोबाइल आल्यापासून दर रविवारी तुझा फोन आला की मी त्याचं ते मोठ्या आवाजाचं बटण दाबते आणि फोन पलंगावर ठेवते. तुझे बाबा समोर खाली बसलेले असतात. खोकला आला तर तोंडावर पंचा दाबून बाहेर जातात, तुला कळू नये म्हणून. तू पहिल्यांदा इंजेक्शन देताना तुझाच हात लटपटल्याचं सांगितलंस तेव्हा ते इतके हसले की मला दार लोटून घ्यावं लागलं. तुला न विचारता आम्ही हे केलं, त्याचा राग येईल तुला. येऊ दे. सहा वर्षांत लेकीचं जेवढं मिळालं तेवढं त्यांना असंच चोरून मिळालं.

आता हे सगळं आजच का लिहिते ते सांगते. परवा तुझ्या लग्नाची पत्रिका आली. संघपाल मला आवडला, फोटोत तरी डोळ्यांत खोटेपणा नाही, आणि सरळ बोलणारा असेल तर तो तुला माझ्यापेक्षा चांगलं सांभाळेल. पाकिटावर तुझं अक्षर होतं. पोस्टमनने ते मिलच्या ऑफिसात दिलं आणि तुझ्या बाबांनी ते तिथेच उघडलं, इतक्या वर्षांनी तुझ्या हातचं काही हाती आलं म्हणून. आतली चिठ्ठीही त्यांनीच आधी वाचली. तू लिहिलं होतंस, आई, तू आणि रोशन या, बाबांना आणू नकोस, विधी झाल्यावर आईवडिलांना वंदन करतात, मला त्यांच्यासमोर वाकायचं नाही. घरी येऊन त्यांनी पत्रिका माझ्या हातात दिली, चिठ्ठी होती तशी घडी करून. म्हणाले, कार्ड चांगलं छापलं, आपलीही नावं टाकली. मग जेवताना म्हणाले, तू रोशनले घेऊन जाय, मले सुटी नाही भेटत असं सांगजो लोकांले. मोना, माझ्या सगळ्या खोट्यात एवढं सोपं खोटं मी कधी ऐकलं नव्हतं. लग्न मे महिन्यातलं, तेव्हा जिनिंग बंद असतं आणि तेलाच्या मिलमध्ये फिटरला सुटी सहज मिळते. तुला जिच्यासमोर वाकायचं नाही ती मी आहे. मला बोलावू नकोस, मी इथे रोशनला जेवायला घालत राहीन, मामीला माझ्या जागी बसव, तिने ती जागा कमावली आहे. पण त्यांना बोलाव. मी सांगून ते येणार नाहीत, त्यांना वाटेल मी तुझ्या पाया पडून हे मिळवलं. तुझ्याच तोंडून ऐकलं तर येतील. येत्या रविवारी नेहमीच्या वेळी फोन कर. मी रोशनला घेऊन बाजारात गेलेली असेन आणि फोन पलंगावर ठेवून जाईन. ते लवकर उचलणार नाहीत, बराच वेळ वाजेल. तू ठेवू नकोस.

तुझीच,
आई
(नलू)